पिवळा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

१ एप्रिल २०१० या तारखेने लखनौ, पुणे आणि सोलापूर ही तीन शहरं एका यादीत आणली. त्या दिवसापासून दिल्ली परिसरात आणि देशातल्या निवडक मोठ्या शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ‘भारत स्टेज चार’ ही धुराची मर्यादा लागू झाली. या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, तशीच उत्तर प्रदेशातली कानपूर, आग्रा आणि लखनौही होती. उरलेल्या देशाला ‘स्टेज तीन’ पुरेशी मानली गेली आणि सगळीकडे ‘चार’ यायला २०१७ चा एप्रिल उजाडला. मर्यादेबरोबर आणखी एक अट आली. गाडीने आपल्या इंजिनातला बिघाड आपणच ओळखावा, तो सांकेतिक क्रमांकात साठवून ठेवावा आणि डॅशबोर्डावर पिवळा दिवा लावून मालकाला कळवावं. हे पुस्तक त्या दिव्याबद्दल आणि त्या क्रमांकांबद्दल आहे. ते घरच्या घरी, पाचशे-सातशे रुपयांच्या यंत्रावर कसे वाचायचे आणि वाचल्यावर त्यांच्यावर कितपत भिस्त ठेवायची, एवढाच त्याचा आवाका.

तारखेपासून सुरुवात करण्याला कारण आहे. जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न ‘किती चालली?’ असा विचारतो. कोड वाचायचे असतील तर त्याआधी ‘पहिली नोंदणी कुठली?’ हे विचारायला हवं. यूपी ३२ म्हणजे लखनौ. २०१२ साली लखनौत नोंदलेली गाडी ‘स्टेज चार’चीच असणार. तेच मॉडेल त्याच साली सीतापूरला किंवा गोंड्याला घेतलेलं असेल तर ते ‘स्टेज तीन’चं असू शकतं. महाराष्ट्रातही हेच. पुण्यात घेतलेली आणि साताऱ्यात घेतलेली गाडी बाहेरून जुळी बहीण दिसेल, आतली अक्कल मात्र वेगळी निघू शकेल. त्यातही पोटभेद आहे. २०१० ते २०१३ या काळातल्या गाड्यांना मुख्यतः एवढंच पाहावं लागे की सेन्सर आणि त्यांच्या तारा जागेवर आहेत की नाहीत. एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला आणि सिलिंडर मिसिंग करतंय का, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतोय का, यावरही गाडी स्वतः लक्ष ठेवू लागली. दिल्लीत दहा वर्षं झालेल्या डिझेल आणि पंधरा वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, म्हणून ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन बाहेरगावी विकल्या गेलेल्या गाड्याही बाजारात भेटतात. त्यांचं वय जास्त, पण आतली यंत्रणा बहुधा चांगली, कारण दिल्लीला धुराचे नियम बऱ्याचदा आधी लागले.

मग २०१० च्या आधीच्या गाड्यांचं काय? हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो, कारण आपल्याकडे गाडी विकवत नाही. लखनौतल्या मराठी मंडळींपैकी बरीच घरं टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, निमित्ताने आली. १९९२ मध्ये कंपनीने देवा रोडवर, चिनहटला कारखाना काढला, आणि पिंपरीहून बदलीवर आलेल्यांनी सामानाबरोबर गाडीला हात लावायची सवयही आणली. त्यांच्या पार्किंगमध्ये अजून एखादी एमपीएफआय मारुती, एखादी झेन, एखादी एस्टीम झाकून ठेवलेली सापडते. सुझुकीच्या घडणीच्या अशा बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लागतच नाही. बॉनेटखाली बॅटरीच्या आसपास किंवा फ्यूजच्या पेटीत तपासणीची छोटी जोडणी असते. तिथल्या ठराविक दोन टोकांना तारेचा तुकडा जोडायचा, इंजिन सुरू न करता चावी फिरवायची आणि डॅशबोर्डावरचा दिवा मोजायचा. एकदा चमकला, थोडा थांबला, मग दोनदा चमकला तर तो बारा. बारा म्हणजे सगळं ठीक. तेरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, चौदा किंवा पंधरा म्हणजे कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, एकवीस-बावीस म्हणजे थ्रॉटलचा. प्रत्येक आकडा तीन-तीनदा सांगितला जातो, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसलं की चुकायची भीती नाही. खर्च तारेच्या तुकड्याचा. मात्र कुठली दोन टोकं, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय तार लावू नये. अंदाजाने भलतीच टोकं जोडून संगणक जाळून घेणं फार सोपं आहे.

या दोन पिढ्यांच्या मधल्या गाड्या सगळ्यांत फसव्या. त्यांत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, बाजारातलं यंत्र त्यात नीट बसतं, त्यावरचा दिवाही लागतो, आणि फोनवर ‘संपर्क होत नाही’ एवढंच येतं. सॉकेटचा आकार प्रमाणित झाला म्हणून आतली बोली प्रमाणित होतेच असं नाही. त्या काळातल्या कितीतरी गाड्या आपल्या कंपनीच्या खास बोलीतच बोलत. अशा गाडीला स्वस्त यंत्र दोन-तीनदा बदलून पाहण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी कंपनीची बोली कळणारा स्कॅनर असलेला मिस्त्रीच गाठावा.

सोळा पिनांची गोष्ट कॅलिफोर्नियातून आली. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने हैराण झालेल्या तिथल्या हवा-मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना आपले दोष आपणच टिपायला लावलं. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं आणि आकडेही वेगळे. तो गोंधळ या नियमांच्या दुसऱ्या पिढीने संपवला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत एकाच आकाराचं सॉकेट, चालकाच्या हाताच्या अंतरावर, आणि मुख्य आकड्यांचा अर्थही सगळीकडे एकच. युरोपने २००१ पासून पेट्रोल गाड्यांना तेच लावलं. आपल्याकडे ते भारत स्टेजच्या पायऱ्यांनी आलं.

स्वस्त यंत्राची कथा याहून रंजक आहे. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने २००५ मध्ये ‘ईएलएम ३२७’ नावाची चिप काढली. गाड्यांच्या अनेक बोली समजून घेऊन साध्या अक्षरांत उत्तर देणारी ही दुभाषी चिप. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्राम त्यांनी कुलूपबंद केला नाही आणि चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या. आज नाक्यावर, लखनौच्या लालबागेत किंवा ऑनलाइन मिळणारी निळी-काळी डबी या नकलांपैकीच एक. तिच्यावर ‘१.५’ असं छापलेलं असेल तर एक गंमत लक्षात ठेवा: मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला जोरात चालू आहेत. नक्कल म्हणून टाकून द्यावी असं मात्र मी म्हणणार नाही. साधे कोड वाचायला, पुसायला आणि चालू इंजिनाचे आकडे बघायला ती बहुतेक गाड्यांवर पुरते. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ चालत नाही, वायफायचं किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचं यंत्र घ्यावं लागतं. अँड्रॉइडवर ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’ हे अॅप पुरेसं आहे. जोडणीचा पिन बहुधा १२३४, नाहीतर ०००० असतो. यंत्र लावल्यावर त्यावर दिवाच लागला नाही तर आधी फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत सिगरेट लायटर आणि हे सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, आणि मोबाइलच्या स्वस्त चार्जरने तो कधी उडाला हे कुणालाच आठवत नाही. काम झालं की डबी काढून ठेवायची. सोळाव्या पिनेवर चावी बंद असतानाही बॅटरीचा करंट असतो, आणि आठवडाभर उभी राहिलेली जुनी गाडी तेवढ्यानेही सेल्फ मारायची नाही.

आता आकड्याकडे. पी ०१७१ घ्या. पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामायिक असलेला कोड. तिथे एक असेल तर तो कंपनीचा खासगी. त्यापुढचा आकडा पोटविभाग सांगतो. एक असेल तर हवा आणि इंधन, तीन असेल तर ठिणगी आणि मिसिंग, चार असेल तर धूर साफ करणारी जोडयंत्रं, सात असेल तर गिअरबॉक्स. पुस्तकात याचे तक्ते आहेत. ते पाठ करायची गरज नाही.

गरज आहे ती एक गोष्ट पक्की समजून घेण्याची, आणि या सगळ्या पुस्तकाचा खटाटोप तिच्यासाठी आहे. कोड कुठला भाग खराब झाला ते सांगत नाही. संगणकाला कुठल्या तारेवर काय विपरीत दिसलं, एवढंच तो सांगतो. बहुतेक सेन्सरना संगणक पाच व्होल्ट देतो आणि परत येणारा व्होल्टेज मोजतो. उत्तर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये आलं तर ठीक, बाहेर गेलं तर कोड. तिथे सेन्सर मेला की तार तुटली की जोडणीत पाणी गेलं, हे संगणकाला दिसत नाही.

कूलंटच्या तापमानाचं उदाहरण यासाठी नामी आहे. तो सेन्सर गार असताना जास्त अवरोध दाखवतो आणि तापला की कमी. तार तुटली तर अवरोध अनंत झाला, म्हणजे संगणकाच्या लेखी कमालीची थंडी. तो पी ०११८ लिहून ठेवतो आणि फोनवर इंजिनाचं तापमान दिसतं उणे चाळीस. लखनौच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, उणे चाळीस. संगणक सुरक्षिततेसाठी पंखा सतत चालू ठेवतो, इंधन जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं. मिस्त्री कोड वाचून सेन्सर बदलतो, पैसे घेतो, आणि उणे चाळीस तसंच राहतं, कारण तार उंदराने कुरतडलेली असते. उंदीर ही लखनौतल्या गाड्यांची, खरं तर उत्तरेतल्या आणि आपल्याकडच्या सगळ्याच उभ्या गाड्यांची, मोठी साथ आहे. थंडीत इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि दात वायरिंगवर घासतात. आकडा उणे चाळीस दिसला की आधी टॉर्च घेऊन तार पाहायची. एवढं जरी या पुस्तकातून वाचकाने घेतलं तरी यंत्राची किंमत वसूल झाली.

पी ०१७१ तर याहून अवघड, कारण तिथे तारा शाबूत असतात. त्याचा अर्थ एवढाच की इंधन वाढवून वाढवून संगणक थकला तरी मिश्रणात हवा जास्तच राहते. गॅरेजमध्ये याचं उत्तर एकच मिळतं: ‘ऑक्सिजन सेन्सर गया, साहब.’ लखनवी मिस्त्री हे इतक्या अदबीने सांगतो की नाही म्हणवत नाही. पण ऑक्सिजन सेन्सर इथे बहुधा प्रामाणिक साक्षीदार असतो. हवा जास्त आहे असं तो म्हणतो आणि ती खरोखरच जास्त असते. कुठून येते ते शोधायचं काम आपलं. अॅपवर ‘फ्युएल ट्रिम’ नावाची टक्केवारी दिसते, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी इंधन देतोय. आयडलिंगला ती वीस टक्क्यांवर असेल आणि रेस करून अडीच हजार फेऱ्यांवर नेल्यावर चार-पाचवर उतरली, तर इनटेकची रबरी नळी कुठेतरी चिरली आहे. बाहेरची हवा चोरून आत येते. आयडलिंगला ती ठळक जाणवते, जास्त फेऱ्यांवर एकूण हवेच्या लोंढ्यात हरवते. याउलट लोड वाढला की टक्केवारी चढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. फिल्टर किंवा पंपाकडे वळा. उन्हाने कडक झालेली नळी शंभर-दीडशे रुपयांची असते आणि सेन्सर हजारोंचा. या फरकात पुस्तकाचं अर्धं अर्थशास्त्र आलं.

इथे उसाचाही विषय निघतो. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २०२३ च्या फेब्रुवारीत झाली आणि आज पंपावर तेच मिळतं. हा इथेनॉल बव्हंशी उसातून आणि धान्यातून येतो, आणि ऊस म्हटलं की उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र. दोन्हीकडच्या वाचकांना यात आर्थिक गोडी असेल, पण जुन्या गाडीला त्याचं काही पडलेलं नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं आणि ट्रिम काही टक्के वर सरकतो. निरोगी इंजिन ते सांभाळून घेतं. ज्याची नळी आधीच जराशी चिरली होती, ज्याचे इंजेक्टर आधीच थोडे तुंबले होते, त्याची गाडी नेमक्या या काही टक्क्यांनी मर्यादेबाहेर जाते आणि दिवा लागतो. मग मालक सगळा दोष इथेनॉलला देतो. काही अंशी खरं, पण नळी बदलली की दिवा जातो, हेही खरं.

सीएनजीचा वेगळा प्रकरणभर ऊहापोह पुस्तकात केला आहे. लखनौत ग्रीन गॅसच्या पंपांवर रांगा असतात आणि बाहेरून बसवलेल्या किटच्या गाड्या भरपूर. किटच्या संगणकाने मूळ संगणकाला खोटे संकेत देऊन गप्प बसवलेलं असतं. ती जोडणी कच्ची असली की हवा-इंधनाचे आणि मिसिंगचे कोड एकत्र येतात. अशा गाडीचे कोड आधी पेट्रोलवर चालवून वाचावेत आणि मग गॅसवर. फरक आपोआप दिसतो.

ॲव्हरेज कमी झालं म्हणून यंत्र विकत घेणारे बरेच आहेत, त्यांना एका जुन्या बातमीची आठवण करून देतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष दलाने लखनौतल्या काही पेट्रोल पंपांवर छापे घातले तेव्हा पंपांच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या. मापात पाप करणाऱ्या. मीटरवर पूर्ण लिटर, टाकीत कमी. त्या पंपांवर पेट्रोल भरणाऱ्या कुणाच्या गाडीचं ॲव्हरेज घसरलं असेल तर त्याच्या गाडीत एकही कोड सापडला नसता, कारण गाडीत काही बिघडलंच नव्हतं. यंत्राने ‘कोड नाही’ म्हणणं हीसुद्धा माहिती असते. पैसे खर्च करण्याआधी इतरत्र बघा, असं ते सांगत असतं.

हे ज्ञान इतके दिवस मालकापर्यंत का आलं नाही? अमेरिकेत १९९० च्या कायद्यानेच कंपन्यांना सांगितलं होतं की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही द्यावी लागेल. आपल्याकडे हा मुद्दा स्पर्धा आयोगापुढे गेला. एका ग्राहकाच्या तक्रारीतून सुरू झालेल्या या प्रकरणात ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं खुल्या बाजारात मिळू न देणं, हा त्यांच्यावरचा ठपका होता. पुढे अपिलं झाली, वकील आले, वर्षं गेली. पण त्या आदेशात जे लिहिलं गेलं ते जुन्या गाडीच्या मालकाने एकदा ऐकून ठेवावं असं आहे: गाडी ज्याने विकत घेतली त्याला ती कुठेही दुरुस्त करता आली पाहिजे.

लखनौत राहून हे लिहिताना कैसरबाग आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये या शहरात संगीताचं मॅरिस कॉलेज उभं करायला हातभार लावला. कैसरबागेतलं आजचं भातखंडे विद्यापीठ ते हेच. त्याआधी वर्षानुवर्षं ते देशभर हिंडले, घराण्यांच्या पोटात जपून ठेवलेल्या बंदिशी मिळवल्या आणि साध्या स्वरलिपीत छापून कुणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या. उस्तादांना ते आवडलं नाही याचं नवल नाही. सोळा पिनांच्या सॉकेटने गाड्यांच्या बाबतीत तेच केलं. कंपनीच्या पोटातली गोष्ट छापील आकड्यांत आणली. पण स्वरलिपी वाचून कुणी गवई झाला नाही, हे भातखंड्यांइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार. म्हणून तर कॉलेज लागलं, गुरू लागले, रातंजनकरांसारखा प्राचार्य लागला. लालबागेत आजही असे मिस्त्री आहेत की सायलेन्सरजवळ हात धरून कुठलं सिलिंडर मिसिंग करतंय ते सांगतात. त्यांना कमी लेखण्यासाठी हे पुस्तक नाही. त्यांच्यापर्यंत न पोचता मधल्यामध्येच ‘सेन्सर गया’ म्हणणाऱ्याकडे जाणं टळावं, यासाठी आहे.

जुनी गाडी विकत घेताना या डबीचा उपयोग सगळ्यांत जास्त, आणि ही गोष्ट विक्रेत्यांना आवडत नाही. दिवा बंद करणं सोपं आहे, कोड पुसला की झालं. पण पुसल्याची खूण राहते. गाडी स्वतःच्या तपासण्या पूर्ण करून त्यांच्यासमोर ‘पूर्ण’ असं नोंदवते, आणि कोड पुसताच त्यातल्या बऱ्याचशा पुन्हा ‘अपूर्ण’ होतात. काही गाड्या तर पुसल्यापासून किती किलोमीटर झाले, तेही सांगतात. नव्वद हजार चाललेली गाडी, डॅशबोर्ड स्वच्छ, आणि कोड पुसल्याला अकरा किलोमीटर. मग विक्रेत्याला जास्त काही विचारायची गरज राहत नाही. नमस्कार करून निघावं.

स्वतःच्या गाडीवर पुसण्याची घाई मात्र करू नये. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होतं, किती तापलेलं होतं, वेग किती होता, याचा एक गोठवलेला फोटो संगणक ठेवतो. पुसला की तोही गेला. आधी सगळं वहीत लिहून घ्यायचं. बिघाड खरंच दूर झाला असेल तर सलग तीन वेळा गाडी बिघाडाविना चालली की दिवा आपोआप विझतो, आणि चाळीस वेळा इंजिन गार होऊन तापलं की कोडही निघून जातो. घाई कशाची? अपवाद एकच. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. सिलिंडर जोरात मिसिंग करत असतं, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि त्याच्या आतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमच्या थराची किंमत गाडीच्या उरलेल्या किमतीच्या जवळ जाऊ शकते.

मिसिंगवरूनच एक फुकटची युक्ती. पी ०३०१ म्हणजे पहिलं सिलिंडर मिसिंग करतंय. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेली गाडी असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा आणि एक चक्कर मारा. आता पी ०३०२ आला तर कॉइल दोषी. ०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा आतलं कॉम्प्रेशन. ही कसोटी घरासमोर होते, आणि मिस्त्रीला सांगितली तर तोही मान हलवतो. पी ०४२० ला मात्र अशी युक्ती नाही. तो कन्व्हर्टर थकल्याचा कोड, पण सायलेन्सरला पुढच्या बाजूला साधं भोक पडलं असलं तरी तोच येतो. आधी भोक शोधा.

लखनौच्या हवामानाचा एक इशारा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, थकलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना व्होल्टेज इतका खाली जातो की संगणक गोंधळतो आणि एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम लिहून ठेवतो. असा घोळका दिसला की एकेक कोडच्या मागे लागू नका. आधी बॅटरी मोजा. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू इंजिनावर पावणेचौदा ते साडेचौदा हवेत. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढल्यानंतर जोडण्यांतल्या ओलीनेही असेच घोळके येतात. तेव्हा जोडण्या सोडवून सुकवायच्या, कोड पुसायचे आणि परत येतात का ते पाहायचं.

पुस्तकात काय नाही, तेही सांगून टाकतो. एअरबॅग आणि एबीएसचे कोड या स्वस्त यंत्रांवर बहुधा दिसत नाहीत, आणि दिसले तरी घरी त्यांच्या वायरिंगला हात लावू नये, म्हणून ती प्रकरणं मुद्दाम गाळली आहेत. चावीचं कोडिंग, ॲव्हरेजसाठी संगणकाचं ‘ट्यूनिंग’, प्रदूषण प्रमाणपत्रासाठी दिवा लपवण्याच्या क्लृप्त्या, यांतलंही काही नाही. प्रमाणपत्राच्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, सॉकेटला हात लावत नाहीत. त्यामुळे दिवा चालू असलेली गाडी पास होऊ शकते आणि बंद असलेली नापास. जे चित्र आहे ते असं आहे.

तिसऱ्या प्रकरणातले आकडे कंटाळवाणे वाटले तर ते सोडून थेट पाचवं वाचा, तिथे एकेका कोडमागे काय तपासायचं ते क्रमाने दिलं आहे, स्वस्त गोष्ट आधी आणि महाग शेवटी. शेवटी वहीचा कोरा नमुना जोडला आहे: तारीख, किलोमीटर, कोड, गोठवलेले आकडे, काय तपासलं, काय बदललं, किती पैसे गेले. त्याच्या झेरॉक्स काढा आणि लालबागेत जाताना भरलेलं पान बरोबर न्या. मिस्त्रीला पान दाखवल्यावर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग पानाकडे, आणि भाव त्यानंतर सांगेल.